मांजर रेती का सोडते?

या सदरासाठी मांजराविषयी जी पत्रे येतात त्यांतली तक्रार बहुधा एकच असते, फक्त जागा बदलते. कोणाकडे ते जानमाजवर लघवी करते, कोणाकडे पाहुण्यांच्या गादीवर, कोणाकडे स्वयंपाकघराच्या दाराआड. पत्राचा शेवटही ठरल्यासारखा असतो. दोन वर्षे नीट वागणारे मांजर आता मुद्दाम घाण करते, अम्मी रोज लादी धुऊन थकल्या आहेत, अब्बा म्हणतात की त्याला पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून या. यावर काय करावे?

सोडून येण्याचा प्रश्न पुढे पाहू. आधी त्या "मुद्दाम" शब्दाचे पाहू, कारण निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. आपण रागावलो म्हणून सूड घ्यावा, पाहुणे आले म्हणून त्यांची गादी ओली करावी, असा हिशेब मांजराच्या डोक्यात नसतो. रेतीत जाणारे मांजर रेती सोडते तेव्हा त्याला एक तर दुखत असते, किंवा तो ट्रे त्याला नकोसा झालेला असतो, किंवा घरात कशाची तरी धास्ती वाटत असते. या तिन्हींपैकी नेमके काय ते शोधले की बहुतेक घरांत मार्ग निघतो. न शोधता फक्त लादी धूत राहिलो तर निघत नाही.

रेतीची सवय आली कोठून

मांजराला कुत्र्यासारखे "शिकवावे" लागत नाही. पिलू चार-पाच आठवड्यांचे झाले की मऊ, भुसभुशीत जागा दिसताच आपोआप उकरू लागते. हे त्याच्या रक्तातच आहे. २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांजरांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगभरातली घरची मांजरे पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आली, असे त्यातून दिसले. कोरड्या मुलखातला हा प्राणी. पाणी कमी पितो, लघवी दाट करतो, आणि वाळू उकरून ती झाकतो. आपल्या घरातल्या माऊच्या लघवीला एवढा उग्र वास का, आणि तिला रेतीच का हवी, या दोन्हींचे उत्तर त्या वाळवंटात आहे.

आपल्याकडे जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. कोकणातल्या घरामागे परसू असे, चुलीच्या राखेचा ढीग असे, मांजर मागच्या दाराने जाऊन येई आणि कोणी विचारतही नसे. अमेरिकेतसुद्धा १९४७ पर्यंत लोक मांजरासाठी राख, माती, वाळूच वापरत. त्या वर्षी मिशिगन राज्यातल्या एड लो नावाच्या तरुणाने शेजारणीला राखेऐवजी ओल शोषणारी दाणेदार माती दिली. पुढे तीच पिशव्यांत भरून विकली जाऊ लागली आणि मांजर खऱ्या अर्थाने घराच्या आत आले. आज मुंब्र्यात, मीरा रोडला किंवा पुण्याच्या कोंढव्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मांजराला ना परसू आहे, ना राख. आपण ठेवलेला एक ट्रे, एवढेच त्याचे परसू. तो बिघडला की त्याला दुसरी जागा शोधण्यावाचून गत्यंतर नसते.

आधी आजार, मग बाकी सगळे

पहिली पायरी ट्रे बदलणे नव्हे, जनावरांच्या डॉक्टरला दाखवणे ही आहे. लघवीच्या पिशवीला सूज आली, खडे झाले, जंतुसंसर्ग झाला की लघवी करताना जळजळ होते. मांजराला एवढेच कळते की या ट्रेमध्ये बसले की दुखते. मग ते ट्रे टाळते आणि गार लादी किंवा मऊ गादी शोधते. मोठ्या वयाच्या मांजराला मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह झाला तर लघवीचे प्रमाण वाढते, ट्रे लवकर भरतो आणि बाहेर होऊ लागते. गुडघे-कंबर धरलेल्या म्हाताऱ्या मांजराला उंच कडेचा टब ओलांडवत नाही. बद्धकोष्ठ असेल तर शी ट्रेच्या बाहेर पडते, जुलाब असतील तर ट्रेपर्यंत पोचायला उसंतच मिळत नाही.

यातली एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने पाठ करून ठेवावी. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो आहे, जोर करतो आहे, ओरडतो आहे, तिथे सारखे चाटतो आहे, आणि लघवी थेंबभर येते किंवा येतच नाही. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो बारीक खड्यांनी किंवा चिकट गाळाने बंद होतो. तुंबलेल्या लघवीमुळे रक्तात विष साचते, पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते. एक-दोन दिवसांत जीव जातो. घरच्यांना वाटते त्याला बद्धकोष्ठ झाले आहे, आणि ते एरंडेल पाजत बसतात. तसे करू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय अनेक पिढ्यांना माहीत आहे. इतर शहरांतल्या वाचकांनी आपल्या जवळच्या, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

आणखी एक ताकीद. दुखत असेल म्हणून माणसांची गोळी देऊ नये. ताप-अंगदुखीसाठी आपण सर्रास घेतो ते पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे. अर्धी गोळीदेखील त्याचा जीव घेऊ शकते.

वहीत चार ओळी

डॉक्टरांनी आजार नाही असे सांगितले की घरातल्या कोणी तरी, शाळेत जाणाऱ्या मुलाने केले तरी चालेल, दोन आठवडे एक वही ठेवावी. ट्रेच्या बाहेर काही झाले की चार गोष्टी लिहायच्या: लघवी की शी, कुठे, किती वाजता, आणि त्या दिवशी घरात वेगळे काय घडले. पंधरा दिवसांनी वही वाचली की बरेच उमगते.

डाग ट्रेच्या अगदी शेजारी असतील तर मांजराला जागा मान्य आहे, ट्रेच्या आतले काही तरी नको आहे. डाग नेहमी मऊ वस्तूंवर असतील, म्हणजे गोधडी, गादी, जानमाज, धुवायच्या कपड्यांचा ढीग, तर त्याला पायाखाली मऊ हवे आहे आणि रेती बहुधा टोचते आहे. मोरीत, बाथरूमच्या लादीवर किंवा सिंकमध्ये करत असेल तर त्याला गुळगुळीत आवडते आहे, किंवा लघवी करताना जळजळ होते आहे. दार-खिडकीजवळ असेल तर बाहेरचे एखादे मांजर त्याला दिसते आहे. लघवी ट्रेमध्ये आणि शी बाहेर, असे असेल तर त्याला दोन्हींसाठी वेगळे ट्रे हवे असू शकतात. काही मांजरे याबाबत फार काटेकोर असतात.

जानमाजचे गूढही इथेच सुटते. ते जाड, मऊ, घरातल्या शांत कोपऱ्यात अंथरलेले, आणि आपल्या माणसाचा वास असलेले असते. मांजराच्या दृष्टीने ती धर्माची जागा नाही, ती फक्त मऊ आणि सुरक्षित जागा आहे. नमाज झाल्यावर घडी घालून कपाटात ठेवणे, एवढ्या सवयीनेही कित्येक घरांतली निम्मी तक्रार मिटेल.

ट्रे कसा असावा

बाजारात मांजराचे ट्रे मिळतात ते बहुतेक लहान असतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजावी आणि ट्रे त्याच्या दीडपट लांब घ्यावा. महाग वस्तूची गरज नाही. कपडे भिजवायचा पसरट टब, किंवा म्हाताऱ्या मांजरासाठी एका बाजूने कड कापून गुळगुळीत केलेला टब उत्तम. झाकणाचे ट्रे आपल्याला बरे वाटतात कारण घाण दिसत नाही, पण आत वास कोंडतो आणि घाण दिसत नाही म्हणून साफ करायचेही राहून जाते. आपले मांजर झाकणाच्या ट्रेला नाखूश असेल तर झाकण काढून पाहावे, याला काही खर्च नाही.

संख्येचा नियम सोपा आहे: जितकी मांजरे तितके ट्रे, आणि वर एक. एक मांजर असेल तर दोन, दोन असतील तर तीन. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे हे आम्हांला कळते. तिथे निदान दोन ट्रे दोन वेगळ्या कोपऱ्यांत ठेवावेत. एकाला एक चिकटून ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात.

जागा शांत हवी, पण अडगळीची नको. वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवला तर कपडे पिळताना मशीन थरथरते, मांजर घाबरते आणि पुन्हा तिथे जात नाही. खाण्याच्या वाटीजवळ तर मुळीच ठेवू नये. जेवायच्या जागी घाण करणे त्यालाही पटत नाही. एकच वाट असलेला कोपरा टाळावा, कारण घरात दुसरे दांडगे मांजर असेल तर ते त्या वाटेवर दबा धरून बसते. गॅलरीत ठेवायचा असेल तर गॅलरीला जाळी हवी आणि पावसाची झड आत येता कामा नये. ओल्या रेतीत कोणतेही मांजर पाय घालत नाही.

रेती बारीक, मऊ आणि बिनवासाची असावी. ओल लागताच जिचा गोळा होतो ती बेंटोनाइट मातीची रेती बहुतेक मांजरांना आवडते. बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आपल्या शेजारी कच्छमध्येच आहेत. लव्हेंडर, लिंबू, गुलाब अशा वासांच्या रेत्या माणसांच्या नाकासाठी बनवलेल्या असतात, मांजराला तो वास असह्य होऊ शकतो. खर्च परवडत नसेल तर बारीक चाळलेली, धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेली वाळू चालते. बांधकामाच्या ढिगावरची वाळू मात्र तशीच आणू नये, कारण गल्लीतल्या मांजरांनी ती आधीच वापरलेली असते. दोन-तीन महिन्यांहून लहान पिलांना गोळा होणारी रेती देऊ नये. ती तोंडात घालतात आणि आत जाऊन ती फुगते. त्यांच्यासाठी कागदाचे बारीक तुकडे बरे.

थर दोन ते तीन इंचांचा ठेवावा. जुन्या झाऱ्याने किंवा जाळीच्या चमच्याने रोज निदान एकदा, जमल्यास सकाळ-संध्याकाळ घाण काढावी. साध्या रेतीचा ट्रे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून साध्या साबणाने धुवावा. काढलेली घाण कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी, संडासात ओतू नये. ती माती पाइपात फुगून बसते आणि खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन येतात.

रेतीचा प्रकार बदलायचा असेल तर एका रात्रीत बदलू नये. जुना ट्रे तसाच ठेवून शेजारी नवी रेती ठेवावी आणि मांजर कोणती निवडते ते पाहावे. मऊ वस्तूंचाच हट्ट धरणाऱ्या मांजरासाठी ट्रेमध्ये जुना पंचा अंथरून त्यावर चिमूटभर रेती टाकावी. ते वापरू लागले की दर दोन-तीन दिवसांनी रेती थोडी वाढवावी आणि पंचा लहान करत जावा.

फिनेल नको

आपल्या घरांत घाण झाली की हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या घरात हा हात आवरावा लागेल. काळ्या फिनेलमधली फिनॉल जातीची द्रव्ये मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही. ओल्या लादीवरून चालून ते पंजे चाटते आणि विष पोटात जाते. पाइन तेलाचे पांढरे फिनेलही त्याच्यासाठी वाईटच. कपाटातल्या डांबर गोळ्या त्याला दूर ठेवण्यासाठी कोपऱ्यात टाकतात, त्याही विषारी आहेत. अमोनिया असलेली द्रव्ये तर उलटाच परिणाम करतात. लघवीतही अमोनियासारखा वास असतो, तेव्हा मांजराला वाटते की इथे आधीच जाऊन आलेले आहे, हीच ती जागा. आणि ब्लीच लघवीवर ओतले तर जो वायू निघतो तो आपल्याच डोळ्यांना आणि छातीला बाधतो.

योग्य रीत अशी. ताजी लघवी जुन्या कपड्याने दाबून टिपून घ्यावी, घासू नये. मग गार पाणी, गरम नव्हे. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे द्रव भरपूर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसेच राहू द्यावे. लघवीतले युरिक आम्ल साध्या साबणाने निघत नाही, त्याला एन्झाइम लागते. ते मिळत नसेल तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात लावून, वाळत आल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवून दुसऱ्या दिवशी झाडून घ्यावा. वास बराच कमी होतो. धुता येतील ते कपडे एन्झाइम असलेल्या पावडरीत भिजवून कडक उन्हात वाळवावेत.

पाकी आणि वास, या दोन वेगळ्या गोष्टी

बऱ्याच भगिनींच्या मनात खरा त्रास लादीचा नसून तहारतचा असतो. मांजर घरात फिरते, भांड्याला तोंड लावते, मग घर पाक राहते का? याबाबत अबू दाऊद आणि तिर्मिजी या हदीससंग्रहांतली हजरत अबू कतादा (रजि.) यांची घटना प्रसिद्ध आहे. सुनेने त्यांना वुजूचे पाणी दिले, तेवढ्यात मांजर आले. त्यांनी भांडे कलते करून त्याला पाणी पिऊ दिले आणि सुनेच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून सांगितले की प्रेषित (स.) यांनी मांजराला नापाक मानलेले नाही, ते आपल्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे मांजर, त्याचे अंग, त्याचे फिरणे यांमुळे घर नापाक होत नाही. त्याची लघवी आणि शी मात्र नापाक आहे. ती लागलेला कपडा किंवा जागा धुऊनच नमाज पढावी लागते. गादी, कार्पेट यांसारख्या पिळता न येणाऱ्या वस्तूंचे तपशील आपापल्या मसलकाच्या आलिमांना विचारून घ्यावेत.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण तीन पाण्यांनी धुतले, वस्तू पाक झाली, आपल्या नाकाला वासही येत नाही. पण मांजराच्या नाकाला येतो. ते दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाते आणि आपण म्हणतो, पाहा, मुद्दाम करते. म्हणून पाण्याने पाक करणे आणि एन्झाइमने वास घालवणे ही दोन्ही कामे करावीत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

घरातले बदल मांजर मोजते

अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यकाने लघवीच्या पिशवीच्या सुजेने त्रस्त मांजरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. २०११ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे दिसले की रोजचा क्रम मोडला, देखभाल करणारा माणूस बदलला, जेवणाची वेळ चुकली की मांजरे उलट्या करू लागतात, कमी खातात आणि ट्रेच्या बाहेर घाण करतात. आजारी मांजरेच नव्हेत, धडधाकट मांजरेसुद्धा.

हे आपल्या घरांना लावून पाहा. रमजान सुरू झाला की सगळे घर रात्री जागे आणि दुपारी झोपलेले. सहरीच्या वेळी दिवे लागतात, ट्रे साफ करणारी व्यक्ती दुपारी डोळा लागल्यामुळे विसरते, इफ्तारला पाहुणे येतात. घरात लग्न निघाले, नवे बाळ आले, फर्निचर हलले, दादी गावाला गेल्या, असे काहीही झाले तरी मांजराच्या दृष्टीने दुनिया उलथते. यावर उपाय एकच, त्याच्या चार गोष्टी न बदलणे: जेवणाची वेळ, ट्रेची सफाई, झोपायची जागा आणि दिवसातून दहा मिनिटांचा खेळ. पाहुण्यांच्या गर्दीत त्याला लपायला एक खोका कपाटावर किंवा पलंगाखाली ठेवावा. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, आणि कोरडे खाणे देत असाल तर त्यासोबत पातळ खाणेही द्यावे. लघवी जितकी पातळ, तितकी पिशवीला जळजळ कमी.

बोका जर उभा राहून, शेपूट थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी लघवी उडवत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. ते पोट रिकामे करणे नव्हे, हद्द आखणे आहे. नसबंदीनंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांत हे थांबते किंवा फार कमी होते. पाच-सहा महिन्यांचे वय त्यासाठी योग्य. शरई बाजूने मनात शंका असेल तर आलिमांशी बोलून निर्णय घ्यावा. बाहेरचा बोका खिडकीशी येत असेल तर खिडकीच्या खालच्या भागाला कागद चिकटवावा, म्हणजे दोघांची नजरानजर होणार नाही.

घरात गरोदर बाई असेल तर

सुनेला दिवस गेले की मांजर बाहेर काढावे लागेल का, हाही नेहमीचा प्रश्न. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या शीतून पसरू शकतो आणि गर्भाला इजा करू शकतो, हे खरे आहे. पण ताज्या शीतले जंतू लगेच बाधत नाहीत, त्यांना त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला तर धोका फार घटतो. गरोदर बाईने हे काम करू नये, घरातल्या दुसऱ्याने करावे. कोणीच नसेल तर हातमोजे घालून रोज करावे आणि हात साबणाने धुवावेत. हा जंतू कच्च्या मांसातूनही येतो. बकरी ईदच्या दिवसांत मांस हाताळल्यावर सुरी, पाट, हात नीट धुवावेत, आणि मांजराला कच्चे तुकडे न टाकता बिनमसाल्याचे, हाड काढलेले, शिजवलेले मांस द्यावे.

मार नको, खोली द्यावी

मांजराचे नाक घाणीत घासणे ही आपल्याकडची जुनी शिक्षा. तिचा उपयोग शून्य. मांजर एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली, कपाटामागे जाऊन करते, जिथे आपल्याला महिनाभर पत्ता लागत नाही.

सवय पार मोडली असेल तर ती पुन्हा बसवता येते. एका लहान खोलीत किंवा खोलीच्या आडोशात ट्रे, दुसऱ्या टोकाला पाणी आणि खाणे, झोपायला मऊ जागा ठेवून मांजराला तिथे काही दिवस राहू द्यावे. गाद्या, कपडे तिथून हलवावेत. आठवडा-दोन आठवडे रेती नियमित वापरली की एकेक खोली मोकळी करत जावी. ही कोठडी नव्हे. कोणी तरी दिवसातून अनेकदा जाऊन बसावे, खेळवावे. मांजराला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या बाईविषयीची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे.

आता त्या पिशवीचे आणि मासळी बाजाराचे. घरात वाढलेले मांजर बाजारात जगत नाही. तिथल्या बोक्यांशी लढणे, कुत्र्यांपासून पळणे, रस्ता ओलांडणे त्याला येत नाही. ते एखाद्या गाळ्याखाली दडून बसते आणि भुकेने खंगते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने, भुकेतहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हाही आहे. ज्या आजारी मांजराने दुखते म्हणून गादीवर लघवी केली, त्याला तसेच सोडून आलो तर ते उपचाराविना मरते. खरोखरच ठेवणे शक्य नसेल तर तपासून, बरे करून, जबाबदार घर शोधून द्यावे. रेतीची तक्रार लपवू नये, नाही तर महिन्याभरात ते घरही त्याला बाहेर काढील.

बहुतेकांना तिथवर जावे लागणार नाही. या आठवड्यात तीन कामे करा: डॉक्टरांना दाखवा, दुसरा मोठा ट्रे आणा, आणि फिनेलची बाटली उंच कपाटात ठेवून द्या. वही आजपासून लिहा. दोन आठवड्यांनी फरक पडला नाही तर वहीतल्या नोंदींसह आम्हांला लिहा, कारण नुसते "घाण करते" एवढ्यावरून उत्तर देता येत नाही.